वहिवाटीचे वकील

टाकळीकर वकिलांबद्दल चांगलं बोलणारी माणसं नांदेडात पुष्कळ सापडतील. मी त्यांतली नाही. माणूस नजरेआड झाला की राग निवळतो म्हणतात. माझा निवळलेला नाही आणि तो निवळावा अशी माझी इच्छाही नाही. तरीही त्यांच्यावर लिहायला बसले आहे, कारण इतकी वर्षं एखाद्याचा राग करायचा तर त्याच्याकडे नीट पाहावं लागतं. आवडत्या माणसांकडे आपण इतक्या बारकाईने कधी पाहत नाही.

बुटका, रुंद खांद्यांचा माणूस. केसांना मेंदी, मिश्यांना मात्र नाही, त्यामुळे वरचं डोकं एका माणसाचं आणि खालचं तोंड दुसऱ्याचं वाटायचं. काळा कोट अंगावरून उतरायचाच नाही. लग्नाला कोट, तेरवीला कोट, मे महिन्यात भाजी आणायलाही कोट. हातात स्कूटरची किल्ली असायची आणि विचार करायची वेळ आली की ती कानात जायची. समोरचा बोलू लागला की पहिल्याच वाक्याला ते हात वर करून म्हणायचे, "मुद्द्यावर या." आणि मग स्वतः अर्धा तास आपल्या वडिलांच्या गोष्टी सांगायचे. वडील निजामाच्या राज्यात गिरदावर होते, घोड्यावरून शेतं तपासत फिरायचे, आणि कुणाच्या बांधाला किती काकऱ्या कोरल्या आहेत ते घोड्यावरून न उतरता सांगायचे म्हणे. घोडाच वकील झाला असता तर बरं झालं असतं, असं मला पुढे अनेकदा वाटलं.

त्यांची सगळी वकिली जमिनीची. बांध, शेतरस्ता, विहिरीची पाळी, कुळाचा कब्जा. त्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, हे मी दात-ओठ खात का होईना पण कबूल करते. कंधारकडच्या एका गावात शेतरस्त्याचा वाद होता. रस्ता नव्हताच, असं एक भाऊबंद म्हणत होता. टाकळीकरांनी गावातल्या घराघरांतून लग्नाचे अल्बम गोळा केले. वर्षानुवर्षं वराती त्याच रस्त्याने गेल्या होत्या; फोटोत बँडवाले होते, घोडा होता, मागे तेच चिंचेचं झाड होतं. तहसीलदारांनी फोटो पाहिले आणि रस्ता मोकळा करून दिला. तेव्हापासून लोक त्यांना वहिवाटीचे वकील म्हणू लागले. वहिवाट म्हणजे वर्षानुवर्षं वापरत आलेल्या माणसाचा हक्क. या एका शब्दावर त्यांचा संसार उभा होता, आणि जगात वहिवाटीने सुटणार नाही असं काही असू शकतं, हे त्यांना पटतच नसे.

कोर्टासमोरच्या हॉटेलात खिडकीजवळच्या टेबलाशी एकदा देगलूरकडचं एक कुटुंब बसलं होतं. सोबत म्हातारी होती, पुढ्यात भज्यांच्या बश्या होत्या. टाकळीकर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "उठा. हे टेबल माझ्या वहिवाटीचं हाय." मालकाने हात जोडून त्यांना उठवलं. अर्धी भजी हातात घेऊन ती माणसं दारापाशी जाऊन उभी राहिली. वकील बसले, आणि वर त्या म्हातारीला त्यांनी आपल्या नावावर एक चहा पाठवला. तिने तो घेतला, बिचारीने नमस्कारही केला. मी शेजारच्या टेबलावरून हे सगळं पाहत होते आणि माझा चहा निवला होता.

मी तिथे होते ते नसीमसाठी. नसीम माझी शेजारीण, आमची घरं एका भिंतीची. तिचा नवरा हमीदभाई चष्म्यांचा दुकानदार. नसीमची अम्मी मूळची उदगीरची, लग्न होऊन कराचीला गेलेली. ती तिकडे जन्मली आणि सख्ख्या मामाच्या मुलाशी लग्न करून नांदेडला आली. मुलं इथेच झाली, इथेच मोठी झाली. पण कागदावर ती पाकिस्तानचीच. ठरावीक मुदतीने व्हिसा वाढवून घ्यायचा, पोलिसांच्या कार्यालयात हजेरी द्यायची, आणि जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायचं तर आधी परवानगी. उदगीरला नणंदेच्या घरी बारसं असलं तरी अर्ज.

या सगळ्याने तिला एक सवय लागली होती. ती कुणाशीही भांडत नसे. रांगेत कुणी पुढे घुसलं तर ती मागे सरकायची. नळावर कुणी तिची घागर बाजूला सारली तर हसायची. मी जन्मजात भांडकुदळ. तिच्या वाटचंही मीच भांडायचे. मग ती माझा पदर ओढून म्हणायची, "जाने दो कल्पनाताई. आपला कागद पुरा न्हाई. ज्याचा कागद पुरा न्हाई त्यानं तोंड उघडू नये."

नागरिकत्वाचा अर्ज करायचं ठरलं तेव्हा वकील शोधण्यापासून सुरुवात होती. एकाने पाकिस्तान हा शब्द ऐकताच आवाज खाली आणला आणि आम्हाला हळूच दारापर्यंत पोचवलं. दुसरे म्हणाले, खुनाची केस असती तर घेतली असती. तिसरे घरात असून नव्हते. त्यांच्या चपला मी दारात पाहिल्या होत्या. टाकळीकर तेवढे हो म्हणाले. हमीदभाईंच्या भावाचं दुकान त्यांनी वाचवून दिलेलं होतं, त्यामुळे हमीदभाईंचा त्यांच्यावर पिराइतका विश्वास. "पाकिस्तान असू द्या न्हाईतर शेजारचं पालम असू द्या," वकील म्हणाले, "माझ्यासाठी पक्षकार तो पक्षकार." त्या दिवशी मला ते आवडले, हे खोटं बोलून कशाला लपवू? सगळे घाबरले तिथे हा एक माणूस घाबरला नव्हता.

"किती वर्षं झाली इथं येऊन?" त्यांनी विचारलं.

"छब्बीस," नसीम म्हणाली.

वकिलांनी कानातली किल्ली बाहेर काढली. "सव्वीस! अहो, बारा वर्षं बिनबोभाट कब्जा असला तर कोर्ट दुसऱ्याच्या जमिनीवर हक्क देतंय. तुम्ही सव्वीस वर्षं राहून राहिल्या. कुणी हरकत घेतली का? न्हाई. या शेजारीण मॅडमनी घेतली का? न्हाई. मग देशाचं बी तसंच हाय. वहिवाट दाखवायची, मोकळं व्हायचं."

आणि त्यांनी यादी सांगितली. लाईटबिलं आणा, गॅसचं पुस्तक आणा, मुलांचे शाळेचे दाखले, बाळंतपणाच्या चिठ्ठ्या. "आणि मुख्य म्हणजे मतदार यादीत नाव पाहिजे. ते न्हाई, म्हणजे वहिवाटीला भगदाड हाय. ते मी बुजवतो."

मी म्हणाले, "पण वकीलसाहेब, मत तर नागरिकालाच देता येतं ना? नागरिकत्व मिळायच्या आधी यादीत नाव कसं घालायचं?"

"मॅडम, शाळेत काय शिकवता?"

"भूगोल."

"मग नकाशे शिकवा."

त्यांचा कारकून हसला. हमीदभाईही कसनुसं हसले. मी उठणारच होते, पण टेबलाखाली नसीमने माझा हात घट्ट धरला. मतदार नोंदणीचा अर्ज टाकळीकरांनी स्वतःच्या हाताने भरला. खाली बारीक अक्षरांत छापलेलं होतं, मी भारताची नागरिक आहे. नसीमला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. त्यांनी बोट ठेवलं तिथे तिने उर्दूत सही केली. काही दिवसांनी मतदान कार्ड आलं आणि हमीदभाईंनी गल्लीत पेढे वाटले. मी तो पेढा खाल्ला नाही.

परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या पोलीस कार्यालयात नागरिकत्वाच्या अर्जाची तपासणी होती, त्या दिवशीही मी सोबत होते. तिथले साहेब सभ्य होते. एकेक कागद पाहत होते, मुलांची चौकशी करत होते. सगळं सुरळीत चाललं होतं. पण सुरळीत चाललेलं टाकळीकरांना बघवेना. पत्त्यांच्या डावात हुकमाचा एक्का टाकावा तसं त्यांनी ते मतदान कार्ड टेबलावर टाकलं आणि खुर्चीत मागे रेलले.

"हे बी बघा साहेब. सरकारच्या यादीतच नाव हाय. आता राहिलं काय?"

साहेबांनी कार्ड उचललं. दोन्ही बाजूंनी पाहिलं. मग त्यांनी नसीमकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात मघाचं काहीच उरलं नव्हतं. "बाई, तुम्ही भारताच्या नागरिक आहात असं लिहून दिलंत?"

नसीमने वकिलांकडे पाहिलं. वकील म्हणाले, "साहेब, मुद्द्यावर या. वहिवाट..."

"मुद्दा हाच आहे," साहेब म्हणाले. "नागरिक नसताना नागरिक असल्याचं लिहून देणं हा गुन्हा आहे. याची चौकशी करावी लागेल. तोवर अर्ज पुढे जाणार नाही."

बाहेर आल्यावर दुसरा कुणी असता तर पायरीवर मटकन बसला असता. टाकळीकरांनी स्कूटरला किक मारली. "नवीन हाय साहेब. महसूल समजत न्हाई त्याला," एवढं बोलून ते जेवायला गेले. उंबराच्या खोडासारखी त्यांची ती मान मला अजून दिसते, कोटाच्या कॉलरमध्ये रुतलेली, दूर जाणारी.

आणि त्याच सुमारास कराचीहून फोन आला. नसीमची अम्मी अंथरुणाला खिळली होती. मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. डॉक्टरांनी महिन्यांचीच मुदत सांगितली होती. नसीम जायला निघाली. परत येण्याची परवानगी आधी घ्यावी लागते, ती मागायला गेली, तेव्हा त्याच साहेबांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं, "जाण्यापासून तुम्हाला कुणी अडवणार नाही. पण चौकशी पुरी होईपर्यंत परत यायची परवानगी माझ्या हातात नाही. गेलात तर तिकडेच अडकाल." म्हणजे इकडे मुलं आणि तिकडे आई, यातलं एक निवड. ती घरी आली आणि तिने भाकरी थापायला घेतल्या. मी भिंतीपलीकडून आवाज ऐकत होते, त्या दिवशी तिने नको इतक्या भाकरी थापल्या.

लातूरला एक बाई वकील अशी प्रकरणं चालवतात, असं उदगीरच्या नातेवाइकांकडून कळलं. बिराजदार मॅडम. पण नसीमला लातूरला जायचं तर पुन्हा परवानगी. आजारी माणसाने डॉक्टरकडे जायला सुट्टी मागावी तसला प्रकार. म्हणून हमीदभाई आणि मी गेलो. मॅडमनी सगळे कागद वाचले. मतदार नोंदणीच्या अर्जाशी आल्यावर चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे कुणी सुचवलं?"

"वकिलांनी," हमीदभाई म्हणाले.

"अक्षर कुणाचं?"

"त्यांचंच."

"मग एक काम करा," मॅडम म्हणाल्या. "नाव यादीतून काढायचा अर्ज आपण आजच करू. जे झालं ते झालं म्हणून सांगू, काही लपवायचं न्हाई. पण त्यांच्याकडून एक ओळ लिहून घ्या. अर्ज माझ्या सल्ल्यानं, माझ्या हातानं भरला, बाईंना मजकूर माहीत नव्हता. एवढी एक ओळ आली तर चौकशी लवकर आटपेल. आली न्हाई तर लई लांबेल."

नांदेडला उतरल्या उतरल्या आम्ही टाकळीकरांच्या घरी गेलो. ते ओसरीवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. पहिल्यांदाच त्यांना बिनकोटाचं पाहिलं. बनियनमधले हात इतके बारीक होते की क्षणभर मला वाटलं, हे त्यांचे थोरले भाऊ असावेत. त्यांनी आमच्या हातावर शेंगा ठेवल्या. हमीदभाईंनी सगळं सांगितलं, अम्मीचंही सांगितलं. या वेळी त्यांनी एकदाही मुद्द्यावर या म्हटलं नाही. ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"न्हाई जमणार."

"साहेब, एकच लाईन आहे," हमीदभाई म्हणाले.

"एकाच लाईनीनं वकिलीची सनद जाती, हमीदभाई. उद्या कुणी तक्रार केली, तर या वयात मी कुठं जाऊ? चौकशी हाय, होईल पुरी. सरकार काय खातंय का भाभींना?"

मी म्हणाले, "त्यांची आई मरायला टेकली आहे. ही एक ओळ नसेल तर ती भेट होणार नाही."

ते शेंगा फोडत राहिले. "आई सगळ्यांचीच कधी ना कधी जाती, मॅडम."

मी हातातल्या शेंगा त्यांच्या सुपात परत टाकल्या आणि तोंडाला येईल ते बोलले. शिक्षिकेला शोभणार नाही असं बोलले. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. अख्ख्या पाकिस्तानला न घाबरलेला माणूस स्वतःच्या हाताने लिहायच्या एका ओळीला घाबरला होता. हे घाबरणं मला समजत नाही असं नाही. म्हाताऱ्या माणसाला पोटाची भीती असतेच. पण त्या भीतीची किंमत त्यांनी स्वतः भरली नाही, दुसरीला भरायला लावली. मी त्यांना माफ करत नाही ते एवढ्यासाठी.

चौकशी लांबली. अक्षराची तपासणी, जबाब, पुन्हा जबाब. टाकळीकरांनी जबाबात सांगितलं म्हणे, पक्षकार स्वतःच अर्ज घेऊन आली होती, मी फक्त मदत केली. बिराजदार मॅडम लातूरहून पहाटेची बस धरून यायच्या, नसीमच्या शेजारी बसायच्या आणि संध्याकाळच्या बसने परत जायच्या.

अम्मी गेली तेव्हा दुपार होती. कराचीहून भावाने व्हिडिओ लावला. नसीम, मी आणि तिची मुलगी, आम्ही तिघी त्या एवढ्याशा फोनमध्ये पाहत होतो. पुरुषांनी जनाजा उचलला आणि ते निघाले. फोन कुणीतरी तिथेच पाटावर उताणा ठेवला. मग कितीतरी वेळ नुसता छताचा पंखा दिसत होता, फिरत होता. बायकांच्या रडण्याचा आवाज येत होता. मुलगी म्हणाली, "अम्मी, बंद करू?" नसीम म्हणाली, "राहू दे. अम्मीच्या खोलीतला पंखा हाय." तिने तो पंखा पाहिला, तिकडची बॅटरी संपेपर्यंत.

पुढे केव्हातरी चौकशी संपली. बाईंचा हेतू वाईट नव्हता असा निष्कर्ष निघाला, यादीतलं नाव निघालं, नवा अर्ज झाला. पाकिस्तानचं नागरिकत्व सोडल्याचा दाखला आला. आणि एके दिवशी शपथ घ्यायला बोलावणं आलं. नसीमने पाठ केलेली शपथ न अडखळता म्हटली. दाखला हातात आला तेव्हा बिराजदार मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं, नसीमच्या नव्हतं.

आम्ही बाहेर व्हरांड्यात आलो तर समोर टाकळीकर. कोट घातलेला, हातात झेंडूचा हार, आणि मोबाईल धरलेला एक माणूस फोटोसाठी तयार. त्यांना कुणी बोलावलं होतं, देव जाणे.

"अभिनंदन भाभी! बोललो होतो ना? शेवटी वहिवाटच सिद्ध झाली!" असं म्हणून त्यांनी हार पुढे केला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तोंड उघडणार एवढ्यात नसीमने सवयीने माझा पदर ओढला. हार न घेताच ती बाजूने पुढे निघाली. आम्ही जिन्यापर्यंत पोचलो. मागे बाकावर एक सिंधी जोडपं आपली फाईल घेऊन बसलेलं होतं, त्यांचीही नागरिकत्वाचीच तारीख असावी. जिन्यावरून मी वळून पाहिलं, तर वकील त्यांच्या शेजारी टेकले होते, हार बाजूला ठेवला होता, आणि त्यांची फाईल यांच्या मांडीवर आली होती.

"किती वर्षं झाली इथं येऊन?" ते विचारत होते. "मग काय! मतदार यादीत नाव हाय का?"

नसीमने ते ऐकलं. ती थांबली, माझा पदर सोडला आणि मागे फिरली. त्या बाकासमोर उभी राहिली. सव्वीस वर्षं आणि वरची ही सगळी वर्षं, तिचा तो आवाज मी ऐकलेला नव्हता. व्हरांड्याच्या त्या टोकाचा शिपाई उठून उभा राहिला.

"दीदी, यादीत नाव घालू नका. या वकीलसाबनं माझं घातलं होतं. मग एक लाईन लिहून दिली न्हाई. माझी अम्मी तिकडं मेली, मी इथं पंखा बघत बसले."

वकील हात वर करून म्हणाले, "भाभी, इथं तमाशा कशाला? तुमचं काम झालंय ना आता?"

"झालं म्हणूनच बोलून राहिले," नसीम म्हणाली. "आता मला कुणी परत पाठवत न्हाई."

टाकळीकरांनी आमच्याकडे पाहिलं, शिपायाकडे पाहिलं, फोटोवाल्याकडे पाहिलं. तो मोबाईल खिशात घालत होता. मी त्यांना पाहिलं ते त्या दिवशी शेवटचं. ते तसेच बसून होते, आणि शेजारच्या त्या सिंधी गृहस्थाने त्यांच्या मांडीवरची आपली फाईल दोन्ही हातांनी उचलून घेतली.